दोन पांढऱ्या तारा

ट्रिमच्या मोटरमधून पाच तारा बाहेर येतात. तीन रंगीत आणि दोन पांढऱ्या. रंगीत तारा मोटर आत्ता कुठवर आली आहे हे पायलटच्या समोरच्या पडद्याला कळवतात. मोटर फिरवतात त्या दोन पांढऱ्या. दोन्ही जाडीला, रंगाला, हाताला अगदी सारख्या लागतात. बनवणाऱ्याने त्या मुद्दामच तशा ठेवल्या आहेत, कारण त्यांची अदलाबदल झाली तरी काही जळत नाही, बिघडत नाही. मोटर फिरतेच, फक्त उलटी फिरते.

मामांच्या विमानात त्या तारा मी जोडल्या होत्या. खंडेनवमीच्या दिवशी, अंगणात निम्मा शिवार जमलेला असताना, त्या उलट्या जोडल्या गेल्यात असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दसऱ्याच्या मुहूर्तावर विमान ट्रकवर चढून धावपट्टीकडे निघणार होतं. दिवाळीच्या आत मामा त्यात एकटे बसून उडणार होते.

मामांचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला आहे. झेंडू, शेवंती, बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. मामांनी आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात नोकरी केली, दुसऱ्यांच्या विमानांत तारा ओढल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतः उडवायला शिकले. लायसन्स मिळाल्यावर त्यांनी दोन माणसांच्या छोट्या विमानाचे सुटे भाग मागवले. पेट्या फुलांच्या शेडमध्ये उतरल्या तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "आता क्रेट माझ्या डोक्यावर ठेवा." तेव्हापासून शेडचे दोन भाग झाले. अलीकडे क्रेट, सुतळी, वजनकाटा, ओली पोती, पलीकडे विमान. मध्ये भिंत नव्हती. पंखाच्या आतल्या पोकळीतसुद्धा मला एकदा वाळलेल्या पाकळ्या सापडल्या होत्या.

मी सातपूरला एका कंपनीत कंट्रोल पॅनेल जोडते. मामांना तारा ओढता येत होत्या, पण बारीक पिना आता त्यांच्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. म्हणून रविवारी मी स्कूटी काढून मळ्यात जायचे. मला ते काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मळ्यातल्या गप्पांत मी कायम जरा मागे पडायचे. वाक्य आधी इंग्रजीत जुळायचं, मग मी ते मराठीत आणायचे, आणि तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. लहानपणी यावर सगळे हसायचे. मग मी तोंड उघडणंच कमी केलं. मामा मला "इंजिनेर बाई" म्हणायचे. त्यात थट्टाही असायची आणि कौतुकही, आणि दोन्हींवर मी नुसती हसायचे.

ट्रिम म्हणजे काय, हे मामांनी मामीला माझ्या स्कूटीवरून समजावलं होतं. माझ्या स्कूटीचं हँडल डावीकडे ओढतं. सरळ जायचं तर ते सतत उजवीकडे धरून ठेवावं लागतं आणि मनगट भरून येतं. विमानाचंही तसंच. वेग बदलला की नाक वर किंवा खाली ओढ घेतं आणि पायलटला दांडा धरून बसावं लागतं. ती ओढ काढून टाकायला शेपटीच्या मागच्या कडेला हातभर लांबीची एक पट्टी असते. दांड्याच्या टोकावरचं बटण अंगठ्याने दाबलं की छोटी मोटर ती पट्टी हलवते. गंमत अशी की ही पट्टी उलट्या चालीने काम करते. नाक खाली हवं असेल तर पट्टी वर उचलली गेली पाहिजे.

त्याशिवाय ऑटोपायलटच्या दोन मोटरी होत्या, एक पंखात, एक शेपटीच्या बाजूला. त्या चालू केल्या की विमान स्वतःचं स्वतः सरळ राहतं. पहिल्यांदा त्या चालू केल्या आणि रिकाम्या सीटसमोरचा दांडा आपोआप हलला तेव्हा मामी पदर सावरत मागे सरली होती. "कोण बसलंय आत," असं तिने अगदी हळू आवाजात विचारलं होतं. या ऑटोपायलटला आणखी एक सोय होती. दांडा धरून ठेवायला जोर पडतोय असं त्याला जाणवलं, की तो पट्टीची मोटर स्वतःच चालवायचा. तारा बरोबर असतील तर ही मोठी सोय. तारा उलट्या असतील तर तो ओढ कमी करायला जाणार आणि ती वाढवत राहणार. पट्टी शेवटाला जाऊन टेकेपर्यंत पायलटला काही कळणारही नाही.

हे सगळं मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला नंतर इतकी भीती वाटली.

मामांकडे खंडेनवमी फार कडक असते. माझ्या आजोबांपासूनचा नियम आहे: नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. मग काम कितीही अडो. शेडमध्ये पोतं अंथरून त्यावर कुदळ, खुरपी, विळे, फवारणीचा पंप मांडला होता, आणि त्यांच्या शेजारी पाने, पकडी, पिना दाबायची आणि काढायची हत्यारं, सोल्डरिंग आयर्न, माझा मल्टीमीटर. मल्टीमीटरला हत्यार म्हणायचं का, असा प्रश्न मी मनात विचारला होता. मामांनी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावून उत्तर दिलं. घरातली विळीसुद्धा पूजेत होती. मामीने दोन दिवसांच्या भाज्या आधीच चिरून ठेवल्या होत्या. सूट होती ती फक्त हार ओवायच्या सुईला. दसऱ्याच्या बाजाराला सुई थांबवून कसं चालेल? त्यामुळे घरात त्या दिवशी लोखंडाची तेवढी एकच वस्तू चालू होती.

विमान आदल्या दिवशीच आम्ही अंगणात ढकलून आणलं होतं. पंख काढून बाजूला गवताच्या गादीवर ठेवले होते. शेपटी मात्र होती तशीच जोडलेली. कित्येक आठवडे ती धुळीपासून आणि चिमण्यांपासून वाचवायला माझ्या आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती आणि शेडच्या मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली. पूजेसाठी लुगडं सोडलं तेव्हा ती मला एकदम उघडी, कोवळी वाटली.

मामीने पुढच्या पंख्याला हार घातला आणि विमानाच्या प्रत्येक अवयवावर एकेक झेंडूचं फूल ठेवत गेली. नाकावर, चाकांवर, शिडीवर. शेपटीच्या मागच्या कडेला, बरोबर त्या पट्टीवर, तिने एक छान भरलेलं केशरी फूल ठेवलं. ती पट्टी म्हणजे काय हे तिच्या लक्षात नव्हतं. तिथे जागा सपाट होती म्हणून ठेवलं.

नारळ फुटला, आरती झाली. शेजारच्या मळ्यातले आबा खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाले, "हे असं नुसतं देव्हाऱ्यात बसल्यासारखंच राहणार, का हलतंय बी?"

"हलतंय म्हणजे काय," मामा म्हणाले आणि आत जाऊन बसले. बॅटरीचा स्विच दाबला. पडदे उजळले. माणसं दोन्ही बाजूंनी वाकून आत बघू लागली. मी शेपटीजवळ उभी होते, कारण गर्दीत मी मागेच उभी राहते.

"हे बघा. आता मी नाक खाली करतो. अंगठ्यानं. पडद्यावर बाण बघा कसा खाली चाललाय."

"हाय, हाय. चाललाय," आबा म्हणाले.

माझ्यासमोर शेपटीवरचं फूल हललं, कडेकडे गडगडलं आणि खाली मातीत पडलं.

फूल पडण्यात काही विशेष नाही. पण पट्टी वर उचलली गेली असती तर फूल पुढे, बिजागरीच्या खाचेत घरंगळलं असतं आणि तिथंच अडकून बसलं असतं. ते मागे पडलं. मी नजर उचलून पट्टीकडे बघेपर्यंत मामांनी ऑटोपायलट चालू केला होता, दांडा आपोआप फिरायला लागला होता, शेपटी वरखाली होत होती आणि माणसं हसत होती. मामा हात वर करून दाखवत होते की मी काही करत नाहीये.

त्या क्षणी मला खाट आठवली.

शेपटीतल्या मोटरचं झाकण खालच्या अंगाला असतं. ती जोडायची वेळ आली तेव्हा गौरी-गणपतीच्या फुलांनी शेडमधलं टेबल भरलं होतं. म्हणून शेपटीचा तो हलणारा भाग काढून आम्ही ओसरीवर नेला, मामीच्या खाटेवर गोधडी अंथरली आणि पत्र्याला चरे पडू नयेत म्हणून हळूच पालथा ठेवला. पालथा, कारण झाकण खाली होतं. लांब तारेने तो विमानाला जोडला. मामा शेडमधून ओरडले, "नाक खाली." मी बघितलं, पट्टी वर उचलली. मी ओरडले, "बरोबर." मामांनी त्याच बैठकीत पडद्यावरचा बाणही त्याप्रमाणे लावून घेतला. आम्ही दोघांनी चहा घेतला. मग तो भाग उचलला, सुलटा केला आणि विमानाला बसवला.

खाटेवर जे वर होतं ते विमानावर खाली होणार होतं. बाणही त्याच चुकीला धरून लावलेला, म्हणून बाण आणि बटण एकमेकांशी अगदी जुळत होते. दोघंही मिळून खोटं बोलत होते. आणि बसवल्यावर मागे जाऊन डोळ्यांनी बघायला कुणी गेलं नव्हतं, कारण तिथं भिंत होती आणि लुगडं होतं.

हे मला कळलं, पण मी बोलले नाही.

त्या दुपारचं मला आजही नीट समजत नाही. मी मनात वाक्य तयार करत होते. आधी इंग्रजीत झालं, ते बरं होतं. मराठीत आणलं की ते मामांवर आरोप केल्यासारखं वाटायचं किंवा माझ्यावर. मग वाटायचं, फूल वाऱ्याने पडलं असेल. मामांचा हात दांड्यावर होता, तो जरा हलला असेल. मग वाटायचं, तिथे धावपट्टीवर इंजिनिअर आहेत, ते सगळं पुन्हा तपासतीलच. माणसाला स्वतःची समजूत काढायला किती कारणं मिळतात, हे मी पंगतीत पुरणपोळी वाढताना शिकले. प्रत्येक पोळीबरोबर एक कारण मिळत होतं. मामा पाटावर बसून सांगत होते की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, माझं विमान उद्या सकाळी शीव ओलांडणार. ट्रकवाल्याला मुहूर्तही सांगून ठेवला होता.

"आणि वर गेल्यावर बिघडलं तर?" आबांनी विचारलं. "रस्त्याच्या कडेला लावता येतंय का?"

"बिघडायला काय ती तुमची मोटारसायकल हाय?" मामा म्हणाले. "एकेक तार आमच्या इंजिनेर बाईनं ओढलीय. विचारा तिला."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी हसले आणि आबांच्या पोळीवर तूप घातलं.

जेवणं झाल्यावर आबा आणि मामा लुगडं घेऊन शेपटीकडे गेले. प्रवासासाठी ती पुन्हा गुंडाळायची होती. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. एकदा ती गुंडाळली की पुढे ती उघडेल ती थेट धावपट्टीवर, आणि तिथल्या माणसांना पडद्यावर बाण बरोबर दिसेल. ही वेळ जाऊ द्यायला नको होती. तरी मी बघत राहिले. लुगड्याचा काठ त्या पट्टीवरून गेला, सुतळीने बांधला गेला. आबा आपल्या मळ्यात गेले. मामा आत जाऊन जरा आडवे झाले.

मामी ओसरीवर हार ओवत बसली होती. उद्याच्या बाजाराची फुलं ढिगाने तिच्यासमोर होती.

"मामी," मी म्हणाले, "जरा येता का? शेपटीपाशी उभं राहायचंय फक्त."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला कधी काही करायला सांगितलेलं नव्हतं, म्हणून असेल, पण तिने कशाला म्हणून विचारलं नाही. सुई पदराच्या काठाला टोचली आणि उठली. आम्ही सुतळी सोडली, लुगडं बाजूला केलं. मी आत चढले, दांडा सीटच्या पट्ट्याने घट्ट बांधून टाकला, म्हणजे हात हलला असेल ही शंका नको. मग मामीला त्या पट्टीवर एक फूल ठेवायला सांगितलं.

"ठेवलं."

बॅटरी चालू केली. पडद्यामागचा छोटा पंखा घरघरायला लागला. मी नाक खाली करायचं बटण दाबलं. पडद्यावर बाण शांतपणे खाली गेला.

"पडलं," मामी म्हणाली.

मी बाण मध्ये आणला. "परत ठेवा."

"ठेवलं." मग थोड्या वेळाने, "पडलं."

"परत."

"अगं, किती फुलं पाडशील? बाजारात न्यायचीत." तिच्या आवाजात हसू होतं. मी मान वर न करता बाण पुन्हा मध्ये आणला, तेव्हा ते हसू थांबलं. ती शेपटीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि काचेतून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काय झालं?" ती म्हणाली. "हे पडायला नको होतं का?"

पंख्याची घरघर मामांना आतपर्यंत ऐकू गेली होती. कारखान्यात काढलेल्या आयुष्यामुळे असल्या आवाजाला त्यांची झोप लगेच मोडते. ते बनियनवरच बाहेर आले.

"कोण हाय आत? बॅटरी कुणी लावली?"

वाक्य तयार नव्हतं. जे आलं ते बोलले. "मामा, ट्रिम उलटा आहे."

ते जवळ आले, वाकले, पडदा बघितला. "बरोबर तर दाखवतोय."

"तो पण उलटा आहे."

मामा बघत राहिले. आधी पडद्याकडे, मग शेपटीकडे, मग शेपटीखाली मातीत पडलेल्या फुलांकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना समजावून सांगावं लागलं तर काय काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पण त्यांनी मान वळवली ती सरळ ओसरीकडे. खाटेवर मामीचा फुलांचा ढीग होता आणि खाली तीच गोधडी.

"खाटेवर," ते म्हणाले.

"हो."

"पालथं होतं."

"हो."

ते चाकापाशी खाली बसले. मामी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी ते म्हणाले, "तुला आत्ता कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "पूजेच्या वेळी," मी म्हणाले. "फूल पडलं तेव्हा."

"मग बोलली का नाय?"

"लोक होते."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "लोक होते," ते म्हणाले. "आणि वर मी एकटा असणार होतो ना गं."

मामीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "उतर खाली. बॅटरी बंद कर आधी." मी उतरले. हात कुणाला दिसू नयेत म्हणून ते पाठीमागे धरून उभी राहिले.

नंतरचं बोलणं कामाचं होतं आणि त्यामुळे सोपं होतं. शेपटीच्या मुळाशी एक जोड आहे, तिथे त्या दोन पांढऱ्या तारांच्या पिना प्लास्टिकच्या घरात बसवलेल्या असतात. त्या बाहेर काढून एकमेकींच्या जागी बसवायच्या. मग पडद्यावरचा बाण उलटा करून घ्यायचा. हातात हत्यार असेल तर मोठं काम नाही. पण हत्यार पूजेत होतं.

"सकाळी ट्रक येणार," मामी म्हणाली. "तुमचं ते हत्यार केवढं असतं?"

"बारीक असतं," मी म्हणाले. "पिनेच्या बाजूला एक जिभली असते. ती दाबली की पिन सुटते."

मामीने पदराच्या काठाची सुई काढली आणि तळहातावर धरली. हार ओवायची लांब, बळकट सुई. तिच्या नेढ्यात अजून दोरा होता आणि दोऱ्यावर एक झेंडू. "हिला काय पूजेत धरत नाय," ती म्हणाली. "होईल का हिनं?"

होणार होतं. मी मनातल्या मनात ती सुई त्या पिनेच्या बाजूने घालूनही बघितली. अगदी बसत होती. नियम मोडत नव्हता, मुहूर्त टळत नव्हता, आबांना कळत नव्हतं, आणि झालेलं सगळं उद्या सकाळपर्यंत झालंच नव्हतं असं होणार होतं. मी हात पुढे केला.

मामांनी सुई आधी घेतली. तर्जनीवर ती ठेवून तिचं टोक उन्हाकडे धरून बघितलं. मला वाटतं, त्यांनाही मोह झाला असावा. ते विमान दसऱ्याला शीव ओलांडेल असं ते वर्षभर सांगत आले होते.

"नाय," ते म्हणाले आणि सुई मामीला परत दिली. "हिचं टोक गोल हाय. जिभली वाकली तर पिन घरात बसल्यासारखी दिसंल आणि बसलेली नसंल. मग वर थरथर सुरू झाली की सुटंल. एक चूक बघितली ना आज, दिसायला बरोबर अन् आतनं उलटी. आता दुसरी नको."

"मग पूजेतलं काढा," मामी म्हणाली. "देव काय म्हणणार नाय."

"देव नाय म्हणणार," मामा म्हणाले. "पण माझं आज डोकं ठिकाणावर नाय. आणि हिचे हात बघ." त्यांनी ते बघितलं होतं तर. "अशा हातांनी आज कुणी काय उघडायचं नाय. उद्या सोनं वाटलं की."

त्यांनी तिथेच उभं राहून ट्रकवाल्याला फोन लावला. दसऱ्याचा मुहूर्त सोडून गाडी नंतर मागवतोय म्हटल्यावर पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. मामा फक्त "हो, चूक आमचीच" म्हणत होते. आमचीच, असं ते म्हणाले. ते मी ऐकलं आणि शेडमध्ये जाऊन उगाच क्रेट एकावर एक रचत बसले.

दसऱ्याचा दिवस लांबलचक गेला. सकाळी आबा ट्रक बघायला आले, तर अंगणात विमान होतं तिथंच.

"का हो? शीव लांब पडली का?"

"चाचणीत एक चूक निघाली," मामा म्हणाले.

"नवमीला चाचणी? हत्यारं तर निजलेली."

"फुलानं केली," मामी म्हणाली आणि त्यांच्या हातात चहा दिला. आबांना तो विनोद वाटला आणि ते हसले. दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला ते सांगत होते की विमानाला मुहूर्त मानवला नाही, आता हे पुढच्या दसऱ्याला. मामा ऐकून घेत होते. मी बाजारात फुलं पोचवायला मामीबरोबर गेले, परत आले, हातात काही ना काही काम घेऊन राहिले. मामा माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, फक्त "इंजिनेर बाई" म्हणत नव्हते. मला त्या हाकेची इतकी सवय असेल असं वाटलं नव्हतं.

उजेड मावळायच्या आत सगळे गावच्या शिवेवर जाऊन आले. आपट्याची पानं हातात देऊन झाली. मी मामांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी पान माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "चल."

पोत्यापाशी जाऊन त्यांनी हत्यारांना नमस्कार केला आणि सगळ्यांत पहिली ती बारीक, पिना काढायची दांडी उचलली. तिच्यावर कुंकू होतं. ते त्यांनी सदऱ्याच्या काठाला पुसलं आणि ती माझ्याकडे दिली. मी शेपटीच्या मुळाशी गुडघ्यावर बसले. मामा टॉर्च धरून होते. एक पांढरी तार सुटली. दुसरी सुटली. दोन्ही माझ्या बोटांत होत्या आणि एक क्षण मला कळेना की कुठली कुठली. मग लक्षात आलं, या क्षणी ते कळायची गरज नाही. लावायच्या, आणि मग मागे जाऊन बघायचं.

मामा आत बसले. बाण उलटा करून घेतला. दांडा पट्ट्याने बांधला. मामीने पट्टीवर फूल ठेवलं.

"नाक खाली," मामा म्हणाले.

पट्टी उचलली गेली. फूल डुललं, पुढे घरंगळलं आणि खाचेत जाऊन बसलं.

"ऱ्हायलं," मामी म्हणाली.

"परत," मी म्हणाले.

पुन्हा राहिलं. नाक वर म्हटल्यावर पडलं, तेही बरोबर होतं. मामांनी बॅटरी बंद केली, सुटकेचा श्वास सोडला, तो मला मागे ऐकू आला. मामीने ते फूल उचलून केसांत खोवलं. मामा बाहेर येऊन हात झटकत म्हणाले, "झालं. आता बांधा लुगडं. ट्रक परवा येतोय."

मी लुगड्याचं एक टोक धरलं. आणि तेवढ्यात मला पंखातली मोटर आठवली. ऑटोपायलटची, पंख कलवणारी. ती आम्ही कधी तपासली होती? दांडा बरोबर बाजूला जातो हे सगळ्यांनी बघितलं होतं. पण तेव्हा पंख जोडलेला होता का? की मोटर टेबलावर होती, आणि टेबलावर ती कुठल्या अंगावर होती? मला आठवेना. कदाचित सगळं ठीक होतं. बहुतेक ठीकच होतं. अंधार पडत होता, मामा थकले होते, आबा फाटकातून आत येत होते, त्यांच्याबरोबर आणखी दोघं सोनं द्यायला येत होते. दिवसभर ज्या हसण्याला मामांनी तोंड दिलं ते पुन्हा सुरू होणार होतं.

वाक्य इंग्रजीत तयार व्हायला लागलं. मी त्याची वाट बघितली नाही.

"मामा," मी म्हणाले, आणि माझा आवाज आबांपर्यंत गेला असावा, कारण ते थांबले. "लुगडं नका बांधू. मला पंखातली पण बघायचीय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे. मग मान खाली घालून पोत्याशी गेले आणि पाना शोधायला लागले.

"काय काढलं आता इंजिनेर बाईनं," ते म्हणाले.